पुण्याचे प्रोफेसर, ज्यांनी नाणी तोलून इतिहास मांडला आणि अणुऊर्जेवरून थेट भाभांशी पंगा घेतला

सकाळी लॉ कॉलेजच्या टेकडीवर गेलात तर काय दिसतं? पळणारे लोक, कुत्रा फिरवणारे लोक, सूर्योदयाचं रील बनवणारे लोक आणि देश कसा चालवायला पाहिजे हे चौघांत ठरवणारे रिटायर्ड काका.

साधारण सत्तर वर्षांपूर्वी याच टेकड्यांवर एक प्रोफेसर फिरायचे. हातात टोकाला लोखंड लावलेली काठी आणि नजर कायम जमिनीकडे. मध्येच थांबायचे, काठीने माती उकरायचे आणि नखाएवढा दगडाचा तुकडा उचलून खिशात टाकायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस काहीतरी हरवलेलं शोधतोय.

एका अर्थाने ते खरंच होतं. तो तुकडा म्हणजे पुणे वसायच्या कितीतरी आधी, शेतीसुद्धा माहीत नसलेल्या माणसांनी घडवलेलं हत्यार असायचं.

पण या माणसाचा धंदा पुरातत्त्वाचा नव्हता. ते गणिताचे प्रोफेसर होते. नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. घरचे त्यांना बाबा म्हणायचे.

आज हे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मार्क्सवादी इतिहासकार एवढ्या दोन शब्दांत येतं आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण याच माणसाच्या नावाचं एक सूत्र जगभरातले शेतीशास्त्रज्ञ आजही वापरतात. त्यांनी संपादित केलेला संस्कृत ग्रंथ हार्वर्डने छापला. आणि देशातल्या सगळ्यात ताकदवान शास्त्रज्ञाच्या संस्थेत बसून त्यांनी त्याच शास्त्रज्ञाच्या धोरणाला विरोध केला. त्याची किंमतही मोजली. ती किंमत सगळीच्या सगळी दुसऱ्यांनी लादलेली होती असं मात्र नाही. ते पुढे येईलच.

गोष्ट सुरू करायची तर वडिलांपासून करावी लागते, कारण वडील हे स्वतःच एक वेगळं प्रकरण होतं.

धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. पोर्तुगीजांचं राज्य, शिक्षण जेमतेम, नारळाची बाग सांभाळायची. वाचता वाचता बुद्धाचं चरित्र हाती लागलं आणि बुद्धाचा मूळ धर्म समजून घ्यायचाच असं त्यांनी ठरवलं. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोचले, भिक्खू झाले, पाली शिकले. ब्रह्मदेशातही राहिले. सातेक वर्षांनी परत आले तेव्हा ते देशातल्या मोजक्या पाली पंडितांपैकी एक होते. (घरी मागे राहिलेल्या बायकोने ती सात वर्षं कशी काढली, हे मात्र अशा गोष्टींत कुणी फारसं विचारत नाही.)

ते परतल्यावर ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात दामोदरचा जन्म झाला.

पुढे धर्मानंदांना कलकत्ता विद्यापीठात चांगली नोकरी होती. पण त्यांना महाराष्ट्रात काम करायचं होतं. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहायच्या अटीवर महिना ५० रुपये द्यायची तयारी दाखवली आणि धर्मानंदांनी कलकत्ता सोडलं. १९१२ पासून ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजमध्ये पाली शिकवू लागले. छोटा दामोदर पुण्यातल्या शाळेत जायला लागला.

१९१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना पाली ग्रंथाच्या कामासाठी पुन्हा बोलावलं. या वेळी अकरा वर्षांचा दामोदर आणि मोठी बहीण माणिक दोघंही सोबत गेले.

त्यामुळे दामोदरचं शालेय शिक्षण झालं ते अमेरिकेत. मध्ये काही काळ तो भारतात येऊन गेला, पण १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली ती अत्युच्च श्रेणीत. तिथल्या बड्या प्राध्यापकांचा सल्ला होता की मुला, गणितावर लक्ष दे. मुलाने काय केलं? गणित केलंच, पण सोबत भाषा आणि इतर विषयांचे इतके कोर्स घेतले की शिकवणारेही चक्रावले. ही सवय आयुष्यभर गेली नाही.

१९२९ म्हणजे अमेरिकेत शेअर बाजार कोसळला ते वर्ष. पुढच्या शिक्षणाची सोय झाली नाही आणि कोसंबी भारतात परतले. पीएचडी त्यांनी कधीच केली नाही.

पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. मग अलिगढ. आणि अलिगढमध्ये घडला तो किस्सा जगभरातले गणितवाले अजून एकमेकांना सांगतात.

अलिगढच्या गणित विभागाचा प्रमुख होता आंद्रे वेल नावाचा विशीतला फ्रेंच गणितज्ञ. पुढे हा विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक ठरला. त्याची आणि कोसंबींची गट्टी जमली. कोसंबींचं एका सहकाऱ्याशी वाजलेलं होतं. वेलने आयडिया दिली, एक शोधनिबंध लिही आणि त्यात अस्तित्वातच नसलेल्या एका गणितज्ञाचा हवाला दे. बघू या साहेबांच्या लक्षात येतं का. कोसंबींनी लिहिला. १९३१ मध्ये तो संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापूनही आला. त्यात बुर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा गंभीरपणे उल्लेख होता.

पुढे १९३५ च्या सुमारास वेल आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये गणिताची पुस्तकं नव्याने लिहायला एक मंडळ काढलं. सगळ्यांनी मिळून एकाच टोपणनावाने लिहायचं ठरलं. ते नाव म्हणजे बुर्बाकी. या मंडळाच्या पुस्तकांनी जगातलं गणित शिकवण्याची पद्धत बदलली. आणि बुर्बाकी हे नाव गणिताच्या छापील साहित्यात पहिल्यांदा आलं ते कुठे, तर आपल्या कोसंबींनी केलेल्या खोडीत.

त्याच वर्षी, १९३१ मध्ये, नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९३३ मध्ये ते पुण्यात आले आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. वडिलांनी जिथे पाली शिकवली तेच कॉलेज. १९३४ मध्ये गणितासाठी रामानुजन स्मृती पुरस्कार मिळाला. भांडारकर रोडवर घर झालं. इथून पुढे नोकरी कुठेही असो, पत्ता पुण्याचाच राहिला.

आता खरा प्रश्न. गणिताचा प्रोफेसर इतिहासात घुसला कसा?

तर झालं असं की कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसती पुस्तकं वाचून शिकण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. हातात खरा प्रश्न पाहिजे. आधी त्यांनी परीक्षेच्या निकालांचे आकडे घेऊन पाहिले. मग त्यांची नजर गेली प्राचीन नाण्यांवर.

ही नाणी म्हणजे चांदीचे वेडेवाकडे तुकडे, त्यांच्यावर सूर्य, हत्ती, टेकडी, झाड असे छोटे छोटे ठसे मारलेले. यांना आहत नाणी म्हणतात. मौर्यांच्या आधीपासूनची. अडचण अशी की त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, काहीच लिहिलेलं नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ओळखायचं कसं? तोवरचे अभ्यासक ठशांची चित्रं बघून अंदाज बांधायचे.

कोसंबींनी चित्रं बाजूला ठेवली आणि तराजू काढला.

विचार अगदी साधा होता. तुमच्या खिशातलं दहा रुपयांचं नाणं घ्या. टांकसाळीतून निघालं तेव्हा त्याचं वजन बाकीच्या नाण्यांइतकंच होतं. मग ते रिक्षावाल्याकडे गेलं, चहावाल्याकडे गेलं, देवाच्या पेटीत पडलं, परत बाजारात आलं. प्रत्येक हाताने त्याला थोडं घासलं. म्हणजे जितकी वर्षं चलनात, तितकं वजन कमी. एका नाण्यावरून काहीच सांगता येणार नाही, कारण एखादं जास्त फिरतं, एखादं डब्यात पडून राहतं. पण एकाच प्रकारची शेकडो नाणी घेतली तर त्यांचं सरासरी वजन वर्षांबरोबर ठराविक गतीने उतरत जातं आणि नाण्यानाण्यातला फरकही वाढत जातो. मग एकाच हंड्यात पुरलेल्या नाण्यांच्या गटांची वजनं ताडून पाहिली की कुठला गट जुना ते कळायला लागतं.

हे खरंच असं होतं का, हे तपासायला त्यांनी त्या वेळच्या चलनातली नाणीही हजारोंच्या संख्येने तोलली. गणित जुळलं. मग तक्षशिलेत सापडलेल्या साठ्यांवर तीच पद्धत लावली. त्यात आणखी एक गोष्ट सापडली. नाण्याच्या मागच्या बाजूला जे बारीक ठसे असतात, ते जितके जास्त तितकं नाणं हलकं. कोसंबींनी निष्कर्ष काढला की हे ठसे राजाचे नाहीत, व्यापाऱ्यांचे आहेत. ठराविक काळाने नाणं तपासायचं आणि खूण करून परत सोडायचं. म्हणजे त्या काळी नाण्यांवर नजर ठेवणारी व्यापाऱ्यांची एक व्यवस्थाच असली पाहिजे.

एक अक्षरही न लिहिलेल्या नाण्यातून त्यांनी अर्थव्यवस्था वाचली होती.

इथून गाडी थांबलीच नाही. नाणी कुणी काढली हे कळायला त्या काळचे राजे माहीत पाहिजेत. राजांसाठी पुराणं आणि जुने ग्रंथ बघावे लागणार. ग्रंथांसाठी संस्कृत नीट पाहिजे. मग संस्कृतचा सराव करायला म्हणून त्यांनी भर्तृहरी घेतला. आपण सराव म्हणून काय करतो? दहा श्लोक पाठ करतो. यांनी देशभरातली शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ती १९४८ मध्ये निघाली. वैराग्यावरचे श्लोक असलेला हा ग्रंथ त्यांनी अर्पण कुणाला केला, तर मार्क्स, एंगल्स आणि लेनिनला.

पुढे फर्ग्युसनचेच प्रोफेसर वा. वि. गोखले यांच्याबरोबर त्यांनी सुभाषितरत्नकोश हा अकराव्या शतकाच्या आसपासचा बौद्ध पंडित विद्याकराचा संग्रह संपादित केला. तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत आला. गंमत म्हणजे मालेचे संपादक डॅनियल इंगॉल्स यांना कोसंबींची मार्क्सवादी मतं अजिबात पटत नव्हती. तरी पुस्तक छापलं, आणि मतभेदही पुस्तकातच नोंदवले. आजच्या सोशल मीडियाच्या हिशोबाने हे जरा अवघडच वाटेल.

मध्येच १९४४ मध्ये एक छोटासा शोधनिबंध येऊन गेला. विषय जनुकशास्त्र.

थोडक्यात सांगायचं तर असं. गुणसूत्रावर जनुकं एका ओळीत असतात. आईवडिलांकडून पिल्लात जाताना गुणसूत्रांचे तुकडे आपापसात अदलाबदल होतात. दोन जनुकं जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणजे ताटातूट किती वेळा झाली हे मोजून त्यांच्यातलं अंतर काढता येतं. पण लांबच्या जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली की ती परत एकत्र येतात आणि हिशोब चुकतो. शिवाय एका ठिकाणी तुटलं की शेजारी लगेच पुन्हा तुटण्याची शक्यता कमी होते. जे. बी. एस. हाल्डेनच्या आधीच्या सूत्रात ही दुसरी गोष्ट धरलेली नव्हती. कोसंबींनी ती धरून नवं सूत्र दिलं.

आज गहू, तांदूळ, सोयाबीन यांचे जनुकीय नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं तर एक पर्याय निवडावा लागतो. हाल्डेन की कोसंबी? अनेक शास्त्रज्ञ दुसरा पर्याय निवडतात.

१९४५ मध्ये होमी भाभा टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, उभी करत होते. त्यांना गणिताला तगडा माणूस हवा होता. त्यांनी कोसंबींना बोलावलं. फर्ग्युसन सुटलं, पण पुणं सुटलं नाही. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई आणि संध्याकाळी डेक्कन क्वीननेच घरी, असा प्रवास बरीच वर्षं चालला. (पासधारकांच्या इतिहासात यापेक्षा वजनदार नाव सापडणं कठीण आहे.)

सुरुवातीला भाभा आणि कोसंबींचं उत्तम जमत होतं. १९४८-४९ मध्ये कोसंबी युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत जाऊन तेव्हा नवी असलेली संगणक यंत्रं बघून आले. शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवली. प्रिन्स्टनच्या प्रसिद्ध संस्थेत ओपेनहायमर आणि फॉन नॉयमन यांच्यासारख्यांबरोबर चर्चा केल्या.

आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस पुण्याच्या आसपास पायपीट करत होता.

कोसंबींचं म्हणणं होतं की भारताचा इतिहास नुसत्या पोथ्यांतून कळणार नाही, कारण पोथ्यांत राजे आणि ब्राह्मण दिसतात, बाकीचे दिसत नाहीत. पण आपल्याकडे एक सोय आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या चालीरीती इथे अजून जिवंत आहेत. फक्त बघायला जावं लागतं. भांडारकर संस्थेच्या आसपास, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर फासेपारध्यांची पालं पडायची. त्यांचे देव, विधी आणि भाषा कोसंबी जाऊन समजून घ्यायचे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांनी त्याबद्दल लिहिलंय. थेऊरजवळचे प्राचीन शिळांचे समूह, वाघोलीकडची बोल्हाई, वीरचा म्हस्कोबा, असं सगळं त्यांच्या लिखाणात येतं. गावाबाहेर, वस्तीपासून दूर एखाद्या देवीचं ठाणं का असतं? कोसंबींनी उत्तर दिलं की ते ठाणं गावाच्याही आधीचं आहे. भटक्या टोळ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना भेटायच्या, तिथे ती देवी होती. गाव नंतर वसलं आणि दुसरीकडे वसलं.

पंढरीच्या वारीकडेही त्यांनी असंच पाहिलं. पालखीच्या वाटेच्या आसपास त्यांना दगडाची ती बारीक हत्यारं सापडत गेली. त्यावरून त्यांनी मांडलं की पावसाळ्याच्या तोंडावर गुरंमेंढरं घेऊन चाऱ्यासाठी हलणाऱ्या माणसांच्या वाटा फार जुन्या आहेत आणि वारीचे रस्ते त्यांच्यावरून जातात. तुम्हाला हे पटेल, न पटेल. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या अनेक निष्कर्षांवर प्रश्नही उभे केलेत. पण वारीकडे बघताना पायाखालची जमीनही बघावी, हे सुचणं वेगळंच.

डेक्कन क्वीन लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीवरून जाते. वर कार्ल्याची लेणी. शेजारीच एकविरा. लोक दर्शनाला जातात, लेणी बघतात, खाली येऊन भजी खातात. कोसंबींनी विचारलं की घरदार सोडलेल्या भिक्खूंनी वस्तीला हाच डोंगर का निवडला? कारण खालून कोकणातल्या बंदरांकडून घाटावर येणारा व्यापारी रस्ता जात होता. लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात व्यापारी आहेत, यवनही आहेत. मठ आणि तांडे एकमेकांच्या आधाराने वाढले. धर्माचा इतिहास आणि पैशाचा इतिहास त्यांच्या लेखी एकच होता.

हे सगळं १९५६ मध्ये अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी या पुस्तकात आलं. तोवर इतिहास म्हणजे कुठला राजा कधी गादीवर बसला याची यादी. कोसंबींनी विचारलं की त्या काळी नांगर होता का, लोखंड कुठून यायचं, धान्य कोण पिकवायचं आणि ते कुणाच्या कोठारात जायचं. १९६२ मध्ये मिथ अँड रिअ‍ॅलिटी आलं. त्यात भगवद्गीतेवर एक निबंध आहे. ज्ञानेश्वरांपासून टिळक आणि गांधींपर्यंत इतक्या वेगवेगळ्या माणसांना एकाच ग्रंथातून इतके वेगवेगळे अर्थ कसे मिळाले, याचं उत्तर त्यांनी समाजरचनेत शोधलं.

मार्क्सवादी होते म्हणजे मार्क्सवाद्यांचे लाडके असतील असं वाटत असेल तर तसंही नाही. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक १९४९ मध्ये आलं. कोसंबींनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्याच नियतकालिकात त्याची अशी काही चिरफाड केली की विचारू नका. नेहरूंच्या डिस्कव्हरी ऑफ इंडियालाही त्यांनी सोडलं नव्हतं. पक्षशिस्त, गटबाजी, मोठ्यांचा मान हे काहीच या माणसाला जमायचं नाही. विद्यार्थीही त्यांना टरकून असायचे.

आता भाभांकडे येऊ.

पन्नासच्या दशकात कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरले. अणुबॉम्बविरोधी परिषदांसाठी मॉस्को, बीजिंग अशा फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा शीतयुद्ध जोरात होतं. आणि ते नोकरी करत होते त्या संस्थेत भारताच्या अणुकार्यक्रमाचा पाया घातला जात होता. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष भाभा. भाभांच्या पाठीशी नेहरू. म्हणजे कंपनीच्या मालकाच्या सगळ्यात लाडक्या प्रोजेक्टला भर मीटिंगमध्ये नाही म्हणण्यासारखं होतं हे.

कोसंबींचा विरोध नुसता भावनिक नव्हता, त्यात हिशोब होता. अणुविजेचा खर्च सांगताना संशोधनावर ओतलेला सरकारी पैसा धरला जात नाही. किरणोत्सर्गाचा आणि उरलेल्या कचऱ्याचा धोका आहे. आणि आपल्या देशात वर्षातले बरेच महिने ऊन फुकट मिळतं. सूर्य खेड्यापाड्यात सगळीकडे सारखा पोचतो, त्याला मोठं केंद्र लागत नाही, लांबलांब तारा ओढाव्या लागत नाहीत. स्वयंपाक आणि पाणी तापवणं उन्हावर झालं तर शेण जळण्याऐवजी शेतात जाईल आणि झाडं वाचतील. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये त्यांनी अणुऊर्जेवर भाषण केलं त्याचाही सूर असाच होता.

ही १९६० ची गोष्ट आहे. आज सरकार छतावर सोलर बसवायला अनुदान देतं म्हणून आपल्याला हे सरळ वाटतं. पण भाभांच्या बाजूनेही बघायला हवं. सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल १९५४ मध्ये अमेरिकेत बनला होता, पडलेल्या उन्हातली जेमतेम सहा टक्के ऊर्जा तो विजेत बदलायचा आणि महाग इतका की कारखाना चालवायचा विचारही करता येऊ नये. देशाला उद्योगांसाठी वीज हवी होती. भाभांसमोर थोरियमचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा होता. दोघंही आपापल्या जागी मूर्ख नव्हते. फरक एवढाच की एकाच्या हातात संस्था होती आणि दुसरा त्या संस्थेत पगारदार होता.

याच काळात कोसंबींनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

२, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या संख्यारेषेवर कशा पसरलेल्या असतात याबद्दल जर्मन गणितज्ञ रीमानने १८५९ मध्ये एक अंदाज मांडला होता. तो सिद्ध करणं हा गणितातला सगळ्यात मोठा अनुत्तरित प्रश्न समजला जातो. आजही तो सुटलेला नाही आणि सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. कोसंबी संभाव्यताशास्त्राच्या वाटेने त्याच्या मागे लागले आणि १९५९ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, हा अंदाज सिद्ध करणारा निबंध त्यांनी छापला. छापला कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात. तिथे हा विषय तपासू शकणारा माणूस असण्याचं कारणच नव्हतं.

सिद्धता चुकीची निघाली. देशोदेशीच्या गणितज्ञांमध्ये चर्चा झाली आणि ती कौतुकाची नव्हती. टीआयएफआरचा गणित विभाग तेव्हा जगात नाव कमावत होता, त्यामुळे तिथल्या लोकांची फारच पंचाईत झाली. ज्या माणसाने दुसऱ्यांची ढिली पुस्तकं फाडून खाल्ली, त्यानेच स्वतःच्या बाबतीत एवढी घाई करावी, हे आज वाचतानाही खटकतं.

१९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार वाढवला नाही. अणुऊर्जेवरच्या मतांमुळे काढलं असं काही जण सांगतात, रीमान प्रकरणामुळे असं काही जण. संस्थेच्या हातात दुसरं कारण होतंच, त्यामुळे पहिलं कारण सांगायची वेळ कुणावर आली नाही. पंचावन्नाव्या वर्षी, एकामागून एक गाजणारी पुस्तकं लिहीत असताना, कोसंबी बिननोकरीचे झाले. डेक्कन क्वीनही थांबली.

पुढची दोन वर्षं ते पुण्यात घरीच बसून लिहीत होते. मूळ संख्यांचा नाद सुटला नव्हता. काही निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने छापले. नाव दिसायला फ्रेंच, पण मराठी कानाला ते दुसरंच काहीतरी ऐकू येतं. अलिगढचा खोडकरपणा अजून शिल्लक होता म्हणायचा.

१९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि लॉ कॉलेज रोडवरच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांचं काम सुरू झालं. घर जवळ, टेकडी जवळ, भांडारकर संस्था जवळ. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक लंडनहून निघालं आणि जगभर वाचलं गेलं.

२४ जानेवारी १९६६ ला होमी भाभांचं विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. भाभा ५६ वर्षांचे होते.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, २९ जून १९६६ च्या पहाटे, कोसंबी पुण्यातल्या घरी झोपेतच गेले. वय ५८. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून तब्येत बरी असल्याचं सांगितलं होतं. मूळ संख्यांवरच्या पुस्तकाचं हस्तलिखित त्यांनी काही दिवस आधीच पूर्ण केलं होतं. ते कधीच प्रकाशित झालं नाही.

भाभांची अणुवीज १९६९ मध्ये तारापूरमध्ये तयार होऊ लागली. कोसंबींच्या नावाने टपाल खात्याने २००८ मध्ये तिकीट काढलं. गोवा सरकारने त्याच सुमारास त्यांच्या नावाने व्याख्यानांचा महोत्सव सुरू केला. त्यांची धाकटी मुलगी मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या. आजोबा धर्मानंदांचं निवेदन हे आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत नेलं आणि नंतर वडिलांवरचा एक ग्रंथही संपादित केला. त्यात वडिलांचं कौतुक आहे तसे त्यांच्या कामावरचे आक्षेपही आहेत. २०१५ मध्ये त्या पुण्यातच गेल्या.